मुळशीचे सेनापती

इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न वर्षाआड ठरलेला असतो : अमेरिकेतील वसाहतींनी इंग्लंडविरुद्ध बंड का केले? आपली उत्तरेही ठरलेली असतात. स्टँप ॲक्ट, चहावरचा कर, पार्लमेंटात प्रतिनिधी नाही तर कर नाही हे तत्त्व, १७७३ च्या डिसेंबरात बोस्टन बंदरात फेकलेल्या चहाच्या पेट्या आणि १७७६ चा जाहीरनामा. पाच-सहा मुद्दे लिहिले की बरे गुण पडतात. त्या पेट्या ज्या ईस्ट इंडिया कंपनीच्या होत्या तीच कंपनी तेव्हा बंगालचा सारा गोळा करीत होती, आणि पुढे ४४ वर्षांनी तिचेच निशाण शनिवारवाड्यावर लागायचे होते, हे मात्र उत्तरपत्रिकेत कोणी लिहीत नाही. असो.

देशाच्या नावाने बंडाची कारणे सांगणे सोपे असते. एकाच माणसाच्या आयुष्यात ती शोधू लागले की प्रश्न अवघड होतो. अमेरिकेतले वसाहतवाले इंग्रजांचेच भाऊबंद होते; त्यांच्या हाती स्वतःच्या विधानसभा होत्या, जहाजे होती, बंदुका होत्या. आपल्याकडच्या सुशिक्षित तरुणाजवळ काय होते? सरकारमान्य शाळा, सरकारमान्य विद्यापीठ, शिष्यवृत्ती आणि पुढे मिळू शकणारी बरी नोकरी. एवढे सगळे ज्या राज्याने पुढे केले त्याच राज्यावर तो उलटला कसा? या प्रश्नासाठी आपल्याला बोस्टनपर्यंत जावे लागत नाही. पौडहून ताम्हिणीच्या वाटेला लागले की थोड्याच वेळात मुळशीची भिंत दिसते. त्या भिंतीने एका माणसाला सेनापती केले. ती भिंत मात्र त्याला अडवता आली नाही.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी नगर जिल्ह्यातील पारनेर येथे झाला. घराणे मूळचे कोकणातले, परिस्थिती बेताची, वडील कारकुनी करणारे. मुलगा हुशार निघाला. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. ही शिष्यवृत्ती म्हणजे त्या काळी मोठाच मान समजला जाई. मग पुण्यात डेक्कन कॉलेज. तेथे प्रा. बेन यांच्यासारख्या विद्वान इंग्रज शिक्षकाचा लोभ त्यांना लाभला. याच काळात चाफेकरांच्या परंपरेतल्या तरुणांशी त्यांचा परिचय झाला आणि शस्त्रावर हात ठेवून देशाच्या स्वातंत्र्यासाठी जगण्याची शपथ त्यांनी घेतली. ज्या कॉलेजात इंग्रज प्राध्यापकांचे प्रेम मिळाले त्याच कॉलेजात इंग्रजांचे राज्य उलथण्याची शपथ! अशा शपथा तरुणपणी अनेकजण घेतात आणि पंचविशीत विसरतात. बापटांना ती विसरता आली नाही, हाच त्यांच्या पुढच्या आयुष्याचा सगळा घोटाळा.

१९०४ साली मुंबई विद्यापीठाची मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळवून ते विलायतेस गेले. एडिंबरोच्या हेरियट वॅट कॉलेजात यंत्रशास्त्राचा अभ्यास सुरू झाला. अभ्यासाच्या जोडीला त्यांनी तेथे बंदूक चालवणेही शिकून घेतले. पण त्यांना बदलले ते बंदुकीपेक्षा आकड्यांनी. दादाभाई नौरोजींचा हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरील ग्रंथ १९०१ साली प्रसिद्ध झाला होता. दरवर्षी देशातून किती संपत्ती बाहेर जाते, सारा कोण भरतो आणि पगार, पेन्शन कोणाच्या खिशात पडते, हे त्या वृद्ध गृहस्थाने सरकारच्याच कागदपत्रांतून मांडले होते. बापटांच्या मनातली संतापाची जागा आता हिशेबाने घेतली. माझ्या मते हे महत्त्वाचे आहे. संताप ओसरतो, हिशेब एकदा कळला की ओसरत नाही.

१९०६ साली एडिंबरो येथे इंग्रजांसमोरच त्यांनी हिंदुस्थानातील ब्रिटिश राज्यावर भाषण केले. हे राज्य लोकांना कसे कंगाल करते हे त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितले. बातमी मुंबईला पोचली आणि विद्यापीठाने शिष्यवृत्ती बंद केली. एका भाषणाची किंमत म्हणून परदेशात एका विद्यार्थ्याचा महिन्याचा खर्च थांबला. सरकारला वाटले असावे की पोटाला चिमटा बसला की पोर शुद्धीवर येईल. झाले उलटेच. अभ्यास सुटला आणि बापट लंडनला श्यामजी कृष्णवर्मांच्या इंडिया हाउसमध्ये पोचले. तेथे विनायक दामोदर सावरकरांची गाठ पडली.

यानंतरची दोन वर्षे एखाद्या रहस्यकथेसारखी आहेत, आणि आपल्याकडे बापटांविषयी बोलताना तेवढीच रंगवून सांगण्याची चाल आहे. बापटांनी पार्लमेंटात बाँब टाकण्याची कल्पना काढली आणि सावरकरांनी त्यांना त्यापासून परावृत्त केले, असे सांगतात. एवढे खरे की बाँब तयार करण्याची विद्या शिकण्यासाठी त्यांना पॅरिसला पाठवण्यात आले. बरोबर बंगालचे हेमचंद्र दास आणि मिर्झा अब्बास होते. रशियन क्रांतिकारकांकडून मिळालेल्या पुस्तिकेचे भाषांतर करून घेण्यात आले आणि १९०८ च्या आरंभी बापट ती घेऊन स्वदेशी परतले. कलकत्त्याच्या माणिकतळा बागेत आणि पुढे १९०९ मध्ये नाशकात सावरकर बंधूंच्या घराच्या झडतीत पोलिसांना ज्या प्रती सापडल्या त्या याच पुस्तिकेच्या.

आता एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. बापट बाँब बनवायला शिकून आले, पण कुठेतरी एखादा अधिकारी गाठून तो उडवावा हे त्यांना पसंत नव्हते. सर्व देशात एकाच वेळी उठाव होण्याइतकी तयारी आधी करावी, असे त्यांचे मत होते. बंगालमधल्या तरुणांना इतका धीर नव्हता. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूरला खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी न्यायाधीश किंग्जफोर्ड समजून ज्या गाडीवर बाँब टाकला तिच्यात दोन निरपराध इंग्रज स्त्रिया होत्या. त्यांचा मृत्यू झाला. माणिकतळ्यावर धाड पडली, अलीपूरचा खटला उभा राहिला आणि माफीचा साक्षीदार झालेल्या नरेंद्र गोस्वामीच्या तोंडून बापटांचे नाव बाहेर आले.

मग चार-साडेचार वर्षे भूमिगत. वेष बदलायचा, गाव बदलायचे, नाव बदलायचे. १९१२ च्या अखेरीस ते इंदुरात पकडले गेले. पण गोस्वामीला १९०८ मध्येच तुरुंगात त्याच्या सहआरोपींनी गोळ्या घातल्या होत्या. साक्षीदार उरला नव्हता. बापटांविरुद्ध खटला टिकण्याजोगा पुरावा राहिला नाही आणि ते सुटले.

येथपर्यंतचे आयुष्य सर्वांना ठाऊक असते. त्यानंतर बापटांनी काय केले ते मात्र फारसे सांगितले जात नाही, आणि खरे बापट मला तरी तेथूनच दिसू लागतात. ते पारनेरला परतले आणि त्यांनी हातात झाडू घेतला. पहाटे उठून गावातले रस्ते आणि शौचकूप साफ करायचे, अस्पृश्य समजल्या जाणाऱ्या मुलांना शिकवायचे. विलायतेस जाऊन आलेला ब्राह्मण गावाची घाण काढतो हे दृश्य १९१३-१४ च्या पारनेरला कसे वाटले असेल याची कल्पना करा. १९१४ साली मुलगा झाला तेव्हा बापटांच्या घरी पहिली पंगत बसली ती अस्पृश्यांची. गांधीजी तोवर आफ्रिकेतून परतलेही नव्हते. सफाईचे काम हा राष्ट्रकार्याचा भाग आहे हे देशाला पटवून देणारे अजून कोणी पुढे आले नव्हते. बापटांनी झाडू सोडला नाही. पुढे जेथे जेथे ते राहिले तेथे सकाळची सफाई हा त्यांचा नित्यक्रम राहिला. १९२० मध्ये मुंबईतल्या सफाई कामगारांच्या संपात ते पुढाकार घेऊन उभे राहिले, ते या कामातूनच.

मधल्या काळात उपजीविका पुण्यात. १९१५ पासून वासुकाका जोशी यांच्या 'चित्रमयजगत्'मध्ये, मग टिळकांच्या 'मराठा'त, त्यानंतर डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशात काम. १९२० च्या ऑगस्टमध्ये टिळक गेले आणि त्याच महिन्यात बापटांच्या पत्नीही गेल्या. संसाराचे पाश सैल झाले असे चरित्रकार लिहितात. मला ते वाक्य कधी आवडले नाही. घरात लहान मूल होते.

अशा वेळी मुळशीची हाक आली.

मुळशी पेटा म्हणजे भाताचा मुलूख. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस मुळा नदी पूर्वेकडे घेऊन जाते. पौडला आपण जे पात्र पाहतो तेच पुढे पुण्यात मुठेला भेटते आणि भीमेच्या खोऱ्यात मिसळते. या पाण्यावर खोऱ्यात आंबेमोहोर पिकत असे. टाटांच्या इंजिनियरांनी या पाण्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले. नदी पूर्वेला जाते खरी, पण पश्चिमेला डोंगर एकदम कोकणात उतरतो. खोऱ्याच्या तोंडाशी भिंत घालून पाणी साठवले, डोंगर पोखरून ते पश्चिमेला वळवले आणि नळांतून सुमारे ५०० मीटर खाली सोडले, तर त्या जोराने चक्रे फिरतील आणि वीज निघेल. खोपोलीला १९१५ पासून अशीच वीज निघत होती. मुळशीचे पाणी भिऱ्याला उतरवायचे आणि वीज मुंबईच्या गिरण्यांना द्यायची, अशी योजना ठरली. १९१९ मध्ये त्यासाठी टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली. योजनेत पन्नासच्या आसपास गावे आणि सुमारे अकरा हजार माणसे पाण्याखाली जाणार होती.

कंपनीने परवानगीची वाट न पाहता शेतांत चाचणीचे चर खणायला सुरुवात केली. कुळाने भात लावलेल्या खाचरात कंपनीची माणसे उतरली तेव्हा या खोऱ्याला परकीय राज्य म्हणजे काय ते प्रथम समजले असावे. आजवर इंग्रज म्हणजे साऱ्याची पावती आणि वर्षातून एकदा येणारा साहेब. आता इंग्रजांचा कायदा आला. १८९४ चा भूसंपादन कायदा सांगत होता की सार्वजनिक कामासाठी, आणि ठरावीक अटींवर कंपनीसाठीसुद्धा, सरकार कोणाचीही जमीन घेऊ शकते. मालकाने फक्त किमतीबद्दल तक्रार करावी. जमीन द्यायची की नाही हे विचारण्याची सोयच त्यात नव्हती. बोस्टनच्या व्यापाऱ्यांची तक्रार होती की आमचा प्रतिनिधी नसताना तुम्ही कर घेता. मुळशीच्या कुळाचा तर प्रतिनिधीही नव्हता आणि येथे करापुरता प्रश्न नव्हता, पायाखालची जमीनच जाणार होती.

पण गुंता यापेक्षा मोठा होता, आणि तो टाळून मुळशीची गोष्ट सांगणे खोटेपणाचे होईल. कंपनी इंग्रजांची नव्हती, स्वदेशी होती. स्वदेशीचा मंत्र ज्यांनी महाराष्ट्राला शिकवला त्यांना टाटांच्या उद्योगाविरुद्ध बोलणे जड जात होते. गिरण्यांना लागणारा कोळसा वाचेल, देशी उद्योग वाढेल, राष्ट्र पुढे जाईल, हा युक्तिवाद काही फालतू नव्हता. दुसरे असे की खोऱ्यातल्या जमिनी कसणारे मावळे बहुतेक कुळे होते. कित्येकांच्या जमिनी कर्जापायी पुण्याच्या सावकारांच्या नावावर गेल्या होत्या. सभांमधून वक्ते शिवाजी महाराजांच्या मावळ्यांची आठवण काढत, टाळ्या पडत. आणि त्याच मावळ्याचे खाचर सभेतल्या एखाद्या श्रोत्याच्या खतावणीत गहाण असे. जमीन बुडाली तर सावकाराला भरपाई मिळणार होती. कुळाला काय मिळणार होते?

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. त्या दिवशी सुमारे बाराशे मावळे धरणाच्या पायाच्या जागेवर जाऊन बसले. विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे तरुण कार्यकर्ते खोऱ्यात आधीपासून हिंडत होते. न. चिं. केळकर, शि. म. परांजपे, शंकरराव देव अशी महाराष्ट्रातली मोठमोठी नावे या लढ्याशी जोडली गेली. असहकाराच्या चळवळीचे ते वर्ष होते. गांधीजींनी 'यंग इंडिया'त मुळशीच्या बाजूने लिहिले. काम काही काळ थांबवणे कंपनीला भाग पडले. धरणग्रस्तांनी संघटित होऊन धरणाला केलेला जगातला पहिला विरोध म्हणून अभ्यासक याची नोंद करतात; प्रा. राजेंद्र व्होरा यांनी मुळशीवर जो ग्रंथ लिहिला तो आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा असा आहे.

डिसेंबरात काम पुन्हा सुरू झाले आणि दुसरी फेरी सुरू झाली. आता मात्र चित्र बदलले. कामावर जाऊन बसायचे, मार सोसायचा, पकडले की शिक्षा भोगायची, सुटले की परत यायचे, असा क्रम चालू राहिला. शेकडो माणसे तुरुंगात गेली. त्यांत या खोऱ्यातले पुरुष होते, बायका होत्या, आणि महाराष्ट्राच्या इतर भागांतून आलेले स्वयंसेवकही. या सर्वांच्या पुढे बापट होते. ते पदे रचत, सत्याग्रही ती गात. येथल्याच लोकांच्या तोंडी त्यांना सेनापती हे नाव पडले आणि ते कायमचे चिकटले. ज्या माणसाने पॅरिसला जाऊन बाँबची विद्या मिळवली त्याला सेनापती ही पदवी मिळाली ती दगडावर बसून मार खाणाऱ्या फौजेची, हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

हळूहळू फौज विरळ होऊ लागली. जमीनमालक सावकारांनी भरपाईची बोलणी सुरू केली. सरकार जमिनी ताब्यात घेत होते. पुण्यातल्या पुढाऱ्यांपैकी अनेकांना आता सन्मानाने माघार घेण्याची घाई झाली होती. कुळांनाही वर्षानुवर्षे तुरुंग परवडणारा नव्हता. पेरणी कोणासाठी थांबत नाही. एक-एक गाव उठू लागले. भरपाई आली तीही जमिनीच्या मालकाला, कसणाऱ्याच्या हाती फारसे काही लागले नाही. भिंत वर चढत राहिली.

बापट या काळात तुरुंगात जात होते आणि बाहेर येत होते. १९२४ साली ते बाहेर आले तेव्हा लढा जवळजवळ संपला होता. दुसरा एखादा माणूस येथे थांबला असता आणि कोणी त्याला दोषही दिला नसता. बापटांनी त्या डिसेंबरात मूठभर सहकाऱ्यांना घेऊन धरणाच्या कामावरचे मजूर नेणारी आगगाडी रुळांवर दगड रचून अडवली आणि शस्त्र चालवले. ते पळून गेले नाहीत. स्वतः होऊन पकडले गेले आणि केले ते कबूल केले. सात वर्षांची शिक्षा झाली.

या कृत्याविषयी काय म्हणावे? आमच्या वर्गात यावर वाद झाला तेव्हा मते सरळ दोन बाजूंना गेली. गांधीजींच्या अहिंसेत हे बसणारे नव्हते, आणि बापटांनीही ते बसवण्याचा आव आणला नाही. आवश्यक वाटेल तेव्हा बळ वापरावे, पण लपू नये, पळू नये, शिक्षा चुकवू नये, असा त्यांचा मार्ग होता आणि त्याला ते शुद्ध सत्याग्रह म्हणत. मला हे पटत नाही. त्या गाडीत टाटा बसले नव्हते, कलेक्टर बसला नव्हता. पोटासाठी आलेले मजूर बसले होते, आणि कोणास ठाऊक, त्यांतले काही दुसऱ्या कुठल्यातरी बुडालेल्या किंवा नापीक गावचेही असतील. मुझफ्फरपूरच्या बाँबला घाई म्हणणारा माणूस सोळा वर्षांनी येथवर आला, यात मला त्यांच्या विचारापेक्षा त्यांचे एकाकीपण जास्त दिसते. बरोबरचे सगळे घरी गेले होते. त्यांना मात्र डेक्कन कॉलेजातली शपथ आणि रामनवमीला बाराशे माणसांसमोर दिलेला शब्द यांत फरक करता येत नव्हता.

ते सिंधमधल्या हैदराबादच्या तुरुंगात होते तेव्हा, १९२७ साली, भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. खोऱ्यात पाणी भरले होते. मुळेचे जे पाणी हजारो वर्षे पूर्वेला गेले ते डोंगरातून पश्चिमेला वळून कुंडलिकेला मिळू लागले आणि मुंबईत गिरण्यांची चक्रे फिरू लागली. मुंबईतल्या ज्या रस्त्याच्या दुतर्फा त्या गिरण्यांपैकी कित्येक होत्या त्या तुळशी पाइप रोडला पुढे सेनापती बापट मार्ग असे नाव दिले गेले. नाव देणाऱ्यांच्या मनात हा संबंध होता की नाही देव जाणे. गिरण्या आता बंद झाल्या आहेत.

१९३१ साली सुटका झाली. पण थोड्याच दिवसांत राजद्रोही भाषणाबद्दल पुन्हा लांबची शिक्षा झाली आणि १९३७ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावर ते बाहेर आले. त्यानंतरचे आयुष्य मी भराभर सांगतो, कारण त्याची दिशा आता बदलणारी नव्हती. सुभाषबाबूंनी फॉरवर्ड ब्लॉक काढला तेव्हा महाराष्ट्रात बापट त्यांच्या बाजूने उभे राहिले. निजामाच्या राज्यातल्या सत्याग्रहात गेले. पुन्हा तुरुंग पाहिले. योगी अरविंदांच्या तत्त्वज्ञानाचे त्यांना वेड होते आणि त्यांच्या महाग्रंथाचे मराठी भाषांतर त्यांनी 'दिव्यजीवन' या नावाने केले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुणे शहरात राष्ट्रध्वज फडकवण्याचा मान त्यांना मिळाला.

देश स्वतंत्र झाला म्हणून त्यांचे समाधान झाले असे नाही. १८ मे १९५५ रोजी ना. ग. गोरे यांच्यासह गोव्याच्या हद्दीत सत्याग्रहींची तुकडी घेऊन जाताना त्यांचे वय ७४ होते. पोर्तुगीज पोलिसांचा मार त्यांनी त्या वयात खाल्ला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही ते होतेच. ज्यांना पेन्शनीत बसायचे असते त्यांच्यासाठी हे आयुष्य नव्हे. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. १९७७ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

आणि तो कायदा? १८९४ चा भूसंपादन कायदा इंग्रज गेले तरी गेला नाही. कोयनेला तोच, पानशेतला तोच, आपल्याच तालुक्यात मुठेवर टेमघरचे धरण झाले तेव्हाही तोच. नव्या सरकारने फक्त शिक्का बदलला. संपादनापूर्वी सामाजिक परिणाम पाहावा, पुनर्वसन करावे, खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची संमती असावी, आणि कुळांची, मजुरांचीही गणना व्हावी, हे २०१३ च्या कायद्याने लिहिले गेले आणि तो १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला. म्हणजे रामनवमीला मावळे जे मागत होते त्यातले काही कागदावर यायला ९२ वर्षे लागली, त्यांतली ६६ आपल्या स्वतःच्या राज्यातली.

माझी वाचकांना एक विनंती आहे. खोरे बुडाले तेव्हा माणसे चारी दिशांना पांगली. काही वरच्या डोंगरउतारावर सरकली, काही इकडे पौडच्या बाजूला आली, काही पुण्या-मुंबईला गेली. जी बुडाली त्या सगळ्या गावांची, वाड्यांची, खाचरांची नावे कोणत्याही एका वहीत मी पाहिलेली नाहीत. सरकारी दप्तरात गावांची नावे असतील. खाचरांची, पाणवठ्यांची, देवांच्या जागांची नावे तेथे नसतात. आपल्या महाविद्यालयात अशी कित्येक मुले आहेत ज्यांच्या घरी आजी-आजोबा एखाद्या शेताचे किंवा टेकाडाचे असे नाव घेतात जे आता नकाशावर सापडत नाही. येत्या सुट्टीत त्यांना विचारून ती नावे लिहून आणावीत. इतिहास विभागात एक कोरी वही त्यासाठी ठेवता येईल.